जुन्या २१० मेगावॅट युनिटसाठी ‘डिजिटल ट्विन’ घ्यायचं का? साहेबांनी एक पान मत मागितलंय

कोळसाखाऊ | गुरुवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जातो, आज गरजेपोटी लिहितोय.

विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला आहे, सोळा वर्षं झाली. युनिट २१० मेगावॅटचं, टर्बाइन केडब्ल्यूयू (जर्मन कंपनी) डिझाइनचं, १९८० च्या दशकातलं. चालू तास अडीच लाखांच्या घरात. माझ्यापेक्षा थोडं मोठंच आहे वयाने, आणि तब्येतही माझ्यासारखीच. रोज काही ना काही कुरकुर, पण कामावर हजर.

मागच्या पंधरवड्यात एक कंपनी येऊन ‘डिजिटल ट्विन’चं (म्हणजे यंत्राचं कॉम्प्युटरवरचं रूप, चालू मोजमापांवर चालणारं) सादरीकरण करून गेली. एसी फुल्ल, समोसे, काजू, आणि पडद्यावर आमचं युनिट गरगर फिरतंय. म्हणजे आमचं नव्हेच. कुठल्यातरी नव्याकोऱ्या सुपरक्रिटिकल युनिटचं चित्र होतं ते, त्याला ड्रमच (वाफ आणि पाणी वेगळं करणारी टाकी, आमच्या बॉयलरला असते ती) नव्हता. मी विचारलं, ‘भाऊ, ड्रम कुठे आहे?’ तर म्हणे, ‘सर, ते कस्टमाइज होईल.’ पुढे लाल-पिवळे-हिरवे रंग, ‘उरलेलं आयुष्य ८७.३ टक्के’ असा आकडा, आणि ट्यूब फुटायच्या आधी तुमच्या मोबाइलवर मेसेज येईल असं आश्वासन. किमतीचा आकडा आला तेव्हा अकाउंट्सवाल्यांनी समोसा परत बशीत ठेवला.

आता आमची खरी अडचण सांगतो. पूर्वी युनिट एकदा सिंक्रोनाइझ झालं (ग्रिडला जोडलं गेलं) की महिनोन्‌महिने फुल लोडवर. आता दुपारी सोलर आलं की लोड खाली, संध्याकाळी सहाला सगळ्यांना एकदम वर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम आहेतच, कोळशावरच्या युनिटला ४० टक्क्यांपर्यंत खाली उतरता आलं पाहिजे. आमच्या मशीनच्या जन्माच्या वेळी हे कुणाच्या स्वप्नातही नसणार. गेल्या दोन वर्षांत ट्यूब लीकेज वाढलंय असं मला वाटतं. ‘वाटतं’ म्हणतोय, कारण नीट आकडेवारी मांडायला बसलो की पुन्हा कुठेतरी लीकेज होतं आणि मी भट्टीत.

डेटाचं म्हणाल तर डीसीएस (कॉम्प्युटरवरची नियंत्रण यंत्रणा) २०११ मध्ये बसली. त्याआधीचं सगळं चार्ट रेकॉर्डरच्या गुंडाळ्यांवर आणि लॉगबुकात, स्टोअरच्या मागच्या खोलीत. निम्मं वाळवीने वाचलंय, निम्मं वाचायचं राहिलंय.

साहेबांनी ‘फील्डवाल्याचं मत’ म्हणून एक पान मागितलंय, सोमवारपर्यंत. घ्यावं म्हटलं आणि फसलं तर माझं नाव. नको म्हटलं तर ‘जुन्या विचारांचा’. आरएलए (उरलेल्या आयुष्याची तपासणी) तर आपण करतोच, मग हे वेगळं काय? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. ब्रोशर मी वाचलेलं आहे.

---

फ्यूजवायर | गुरुवार, रात्री १०.३५

एवढ्या पैशात सुपरहीटरची (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांची) नवी कॉइल येईल. ती घ्या. ट्विन कशाला, एक सांभाळता येत नाहीये तर जुळं कशाला हवं?

---

बॅरिंगगिअर | शुक्रवार, पहाटे ५.२०

(निवृत्त आहे, पण ए शिफ्टची सवय जात नाही. चहा घेऊन बसलोय, तेव्हा लांबण लागेल.)

कोळसाखाऊ, आधी एक गोष्ट. तुमच्याकडे ट्विन येऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली आहेत. कंट्रोल रूममध्ये टर्बाइनच्या डेस्कवर टीएसई आहे ना? टर्बाइन स्ट्रेस इव्हॅल्युएटर. त्यात काय चालतं ते कधी उघडून बघितलंय? स्टॉप व्हॉल्व्ह, कंट्रोल व्हॉल्व्ह, एचपी केसिंग यांच्या भिंतीत दोन खोलींवर तापमान मोजतात, एक आतल्या पृष्ठभागापाशी आणि एक भिंतीच्या मध्यावर. दोघांतला फरक म्हणजे धातूवरचा ताण. रोटरची गंमत वेगळीच. तीन हजार आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टच्या पोटात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) कोण घालणार? म्हणून शाफ्टच्या आतलं तापमान तो डबा गणिताने काढतो, बाहेर मोजलेल्या तापमानावरून. मग तुम्हाला मार्जिन दाखवतो, की आता अजून एवढा लोड घे, जास्त घेतलास तर बघ. मशीनचं गणिती रूप, चालू मोजमापावर पोसलेलं, आणि त्याच्या उत्तरावर ऑपरेटरचा हात थांबतोय किंवा पुढे जातोय. ट्विन याहून निराळं नसतं. फक्त तेव्हा त्याला निळी-जांभळी चित्रं नव्हती.

आणि तुमच्याच केंद्रात नसेल, पण मी जिथे होतो तिथे घाईच्या स्टार्टअपला टीएसई बायपास करायची पद्धत होती. ‘साहेब, मार्जिन मिळत नाही’, ‘अरे टाक बाजूला, लोड डिस्पॅचचा फोन आहे.’ तेव्हा पहिला प्रश्न साहेबांना हा विचारा, की आहे त्या मॉडेलचं आपण ऐकतो का?

आता ‘८७.३ टक्के’. हा दशांश बघून मला हसू आलं. स्टीम पाइपच्या क्रीपचं (उष्णतेत, ताणाखाली धातू हळूहळू लांबत जातो त्याचं) गणित तुम्ही आरएलएच्या रिपोर्टात बघितलं असेल, लार्सन-मिलर. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, त्याला (२० + तासांचा लॉग) याने गुणायचं. ताण तोच असेल तर हा गुणाकार तोच राहतो. समजा एखादा पाइप एका ठरावीक ताणाखाली ५४० अंशांवर १ लाख तास टिकतो. ८१३ गुणिले २५, म्हणजे २०३२५. आता ताण तोच ठेवून तापमान ५५० करा. २०३२५ भागिले ८२३, येतात २४.७. वीस वजा केले की उरतात ४.७ आणि थोडं कमी. म्हणजे पन्नास हजार तासांना थोडे कमी. दहा अंश वाढले आणि आयुष्य निम्मं झालं. पाच अंश वाढवून बघा, सत्तर हजार उरतात.

मग सांगा, तुमच्या मेन स्टीमच्या थर्मोकपलची खात्री पाच अंशांपर्यंत आहे का? थर्मोवेलमध्ये टोक नीट टेकलंय का? डावी आणि उजवी लाइन सारखीच वाचते का? माझ्या काळात दोन लाइनींत सात-आठ अंशांचा फरक कायम असायचा आणि सगळे ‘इन्स्ट्रुमेंटचा असेल’ म्हणून सोडून द्यायचे. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणायचे ‘बॉयलरचा असेल’. या परिस्थितीत जो माणूस ८७.३ म्हणतो, त्यातल्या ‘.३’ वर तरी विश्वास ठेवू नका. ८७ वरही जपून.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी लिहायला बसलो.

एका ठिकाणी होतो (नाव विचारू नका), मेन स्टीम पाइपचं सगळं कॉम्प्युटरवर मॉडेल करून घेतलं होतं. पूर्ण लाइन, बॉयलरच्या आउटलेट हेडरपासून (सगळ्या ट्यूबची वाफ जिथे एकत्र येते तो जाड पाइप) टर्बाइनच्या स्टॉप व्हॉल्व्हपर्यंत, प्रत्येक बेंड, प्रत्येक हँगर (पाइप वरून टांगून धरणारा आधार). काम चोख होतं, त्यात शंका नाही. मॉडेलने सांगितलं, जास्तीत जास्त ताण टर्बाइनकडच्या बेंडवर. म्हणून प्रत्येक ओव्हरहॉलला आम्ही तिथे इन्सुलेशन काढून, घासून, पॉलिश करून रिप्लिका (धातूच्या पृष्ठभागाचा ठसा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) घ्यायचो. दर वेळी रिप्लिका स्वच्छ. सगळे खूश.

आणि क्रॅक सापडली कुठे? दुसऱ्या टोकाला, हेडरजवळच्या वेल्डच्या कडेला. तीही योगायोगाने, पोरं शेजारचं दुसरं काम करत होती म्हणून.

मग आमची शोधाशोध. तीन दिवस लाइनवरून चालत होतो, हातात ड्रॉइंग आणि टॉर्च. तिसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या फिटरने एका कॉन्स्टंट लोड हँगरवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, याची पिन आतच आहे.’

तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. स्टीमचा पाइप आतून जवळजवळ रिकामाच असतो, वाफेला वजन ते किती. पण हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने घ्यायची चाचणी) त्यात पाणी भरतात, मग वजन एकदम वाढतं. म्हणून त्या वेळेपुरती स्प्रिंग हँगरला लॉकिंग पिन घालतात. टेस्ट झाली की पिन काढायची. ती कुणी काढलीच नव्हती. वर हँगरला रुपेरी अॅल्युमिनियम पेंटचे दोन हात बसलेले, पिनही रंगून गेलेली, बघणाऱ्याला वाटावं मूळचाच भाग आहे. लॉगबुक चाळलं तर त्या लाइनची शेवटची हायड्रो नऊ वर्षांपूर्वीची. नऊ वर्षं तो हँगर दगडासारखा उभा होता. पाइप गरम झाला की त्याला खाली सरकायचं असायचं, इथे अडायचा, आणि सगळा पीळ हेडरकडच्या वेल्डवर जायचा. प्रत्येक स्टार्टअपला.

तोच हँगर मॉडेलमध्ये ‘जाम’ करून गणित पुन्हा चालवलं. ताणाचा लाल ठिपका टर्बाइनकडून उठून थेट त्या वेल्डवर जाऊन बसला. मॉडेल बिचारं ड्रॉइंगमधल्या पाइपचं बरोबर उत्तर देत होतं. आम्ही रिप्लिका मात्र खऱ्या पाइपच्या घेत होतो.

म्हणून मत विचाराल तर: सगळ्या प्लांटचा ट्विन घेऊ नका. एक अवयव निवडा आणि त्याच्याविषयी एक प्रश्न, ज्याचं उत्तर आलं की कुणीतरी सही करून काहीतरी वेगळं करणार आहे. ‘फायनल सुपरहीटरचा आउटलेट हेडर पुढच्या कॅपिटल ओव्हरहॉलपर्यंत चालवायचा की आत्ताच ऑर्डर टाकायची?’ असा प्रश्न. ‘प्लांटचं आरोग्य कसं आहे?’ हा प्रश्न नव्हे, ती विचारपूस झाली. आणि मॉडेलला हात लावायच्या आधी लाइन चालून या. प्रत्येक हँगरची स्केल वाचा, गरम असताना आणि थंड असताना.

आरएलएपेक्षा वेगळं काय, हेही विचारलंत. १ लाख तासांनंतर आरएलए करावाच लागतो, बॉयलरचे नियमच आहेत. पण तो त्या दिवशीचा फोटो असतो. रिप्लिकात सुट्या पोकळ्या दिसल्या, ठीक, पुन्हा बघू. पोकळ्या एका रांगेत लागल्या की कपाळाला आठी. मधल्या चार वर्षांत तुम्ही किती वेळा लोड खाली-वर केलात ते फोटोत येत नाही. चालू मॉडेलचा उपयोग तिथे आहे, दोन फोटोंच्या मधल्या काळाचा हिशेब ठेवायला. तुमचं मशीन आता रोज खाली-वर करतंय, म्हणजे नुसता क्रीप नाही, फटीगही (ताण पुन्हापुन्हा बदलून धातूला येणारा थकवा). दोन्ही मिळून धातू खातात, आणि हा हिशेब तोंडी ठेवता येत नाही.

चहा गार झाला. थांबतो.

---

जाळीवाली | शुक्रवार, दुपारी १.४५

बॅरिंगगिअर काका, पिनचा किस्सा आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. मी पुण्यात प्रेशर पार्ट्सच्या एफईएचं (भागाचे कॉम्प्युटरवर जाळीसारखे बारीक तुकडे पाडून ताण काढायचं) काम करते, म्हणजे काका ज्यांना नावं ठेवतात त्या टोळीतली. त्यामुळे थोडी आमची बाजू.

कोळसाखाऊ, सादरीकरण करणाऱ्यांना विचारा की तुमच्या हिस्टोरियनमधून (मोजमापं साठवणाऱ्या यंत्रणेतून) डेटा कोणत्या वेगाने घेणार. बहुतेक हिस्टोरियन जागा वाचवायला डेटा दाबतात. एक-दोन अंशांच्या आतला बदल नोंदवतच नाहीत, आणि जुना डेटा मिनिटाच्या सरासरीत टाकतात. आता समजा स्टार्टअपला अॅटेम्परेटरचा (पाणी फवारून वाफेचं तापमान उतरवणाऱ्या साधनाचा) स्प्रे व्हॉल्व्ह पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही गळतोय, आणि पाण्याचा सपका गरम हेडरमध्ये गेला. पंधरा सेकंद तापमान ८० अंशांनी बुडालं आणि परत वर आलं. मिनिटाच्या सरासरीत ही बुडी दिसते २० अंशांची. मॉडेल म्हणतं, किरकोळ आहे. हेडरच्या आतल्या बाजूला मात्र कातडीवर चटका बसलेला असतो.

ढोबळ हिशेब देते. जाड भिंतीचा पृष्ठभाग बाकीच्या भिंतीपेक्षा एकदम ५० अंशांनी थंड झाला, तर पृष्ठभागावरचा ताण साधारण १७० मेगापास्कल येतो. (लवचिकता मोड्यूलस १७० गिगापास्कल, प्रसरण अंशाला १४ मायक्रो, पॉइसन ०.३ धरून. तुमच्या धातूचे आकडे टाकून बघा.) तो वाफेच्या दाबामुळे आधीच असलेल्या ताणात मिसळतो. ट्यूब जिथे हेडरला शिरते त्या भोकाच्या कडेला तो आणखी फुगतो. लिगामेंटमधल्या (दोन भोकांमधल्या पट्टीतल्या) भेगा तिथूनच सुरू होतात. हे सगळं मिनिटाच्या सरासरीने धुऊन काढलंत तर पुढे कितीही बारीक जाळी घाला. मी घालून बघितली आहे. तीन आठवडे मेश सुधारत बसले होते, आणि चूक डेटाच्या फाइलमध्ये होती. रागाने स्वयंपाकघरात भांडी घासत बसले होते त्या दिवशी.

म्हणून: निवडलेल्या हेडरवर सहा-आठ थर्मोकपल नव्याने लावा, सेकंदाला एक नोंद, सहा महिने. आणि स्प्रे व्हॉल्व्हची पोझिशन त्याच घड्याळावर. कंपनीच्या आकड्यापुढे हा खर्च चणेफुटाण्यांचा आहे.

मॉडेलवर भरवसा केव्हा ठेवायचा, याचं मला पटलेलं उदाहरण आपल्याच दारातलं आहे. धरणांच्या भूकंप-विश्लेषणाचं काम करणारा जगातला कुठलाही विद्यार्थी कोयनेचा आडवा छेद काढतो. १०३ मीटर उंची, आणि वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे तो कोपरा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात आडव्या भेगा त्याच पातळीच्या आसपास पडल्या. आपण हे शाळेत ‘कोयनेचा भूकंप’ म्हणून एका ओळीत शिकतो. एफईए सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात तो धडा म्हणून बसलाय. कारण काय? धरणातच बसवलेल्या यंत्रावर त्या हादऱ्याची नोंद मिळाली होती, आणि भेगा कुठे पडल्या हेही डोळ्यांनी बघितलेलं होतं. आत काय गेलं ते माहीत, बाहेर काय आलं ते माहीत. मग मधलं गणित तपासता येतं. नव्या मॉडेलला तीच भेग काढून दाखव म्हणतात. दाखवली तर पुढचं बोलायचं.

तुम्हीही तेच करा. तुमच्याकडे एखादी घटना असेलच, ज्याचा शेवट तुम्हाला ठाऊक आहे. एखादा ट्रिप (युनिट अचानक बंद पडणं), एखादी फुटलेली ट्यूब. त्याच्या आधीचा सहा महिन्यांचा डेटा कंपनीला द्या, शेवट सांगू नका. म्हणा, सांगा काय होणार. जे टाळाटाळ करतील त्यांना पुढच्या वेळी समोसे आपल्या पैशाने.

आणखी एक, फार कुणी बोलत नाही असं. तुमचं मशीन चाळीस वर्षांचं, सॉफ्टवेअरचं लायसन्स वर्षा-वर्षाचं. दहा वर्षांनी ती फाइल उघडेल का? नास्ट्रान हे सॉफ्टवेअर नासाने १९६० च्या दशकाच्या शेवटी करवून घेतलं. त्याची इनपुट फाइल साध्या मजकुराची, पंच कार्डाच्या मापाची, आठ-आठ अक्षरांचे रकाने. ती आजही नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, कुठला नोड कुठे आहे ते कळतं. करारात लिहून घ्या की मॉडेलची भूमिती, धातूचे गुणधर्म, लोड केसेस, गृहीतकं हे सगळं साध्या वाचता येणाऱ्या स्वरूपात तुमच्याकडे राहील. नाहीतर तुमच्या जागी येणाऱ्या पोरापुढे पुन्हा वाळवीच, फक्त डिजिटल.

---

सातासमुद्रापार | शुक्रवार, रात्री ११.०५

इंग्लंडमधून लिहितोय, विमानाच्या इंजिनांच्या देखभालीत आहे. मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे कोयनेचं नाव निघाल्यावर गप्प बसवेना.

आमच्याकडे हिशेब मॉडेल नंबरचा नसतो, प्रत्येक इंजिनाच्या सीरियल नंबरचा असतो. एकाच दिवशी बनलेली दोन इंजिनं, एक वाळवंटातल्या विमानतळावरून उडतं, दुसरं थंड हवेतून. पाच वर्षांनी दोघांच्या ब्लेड बघितल्या तर भाऊ वाटत नाहीत. तुमच्या केंद्रात शेजारशेजारची दोन युनिट असतील तर एकाचं मॉडेल दुसऱ्याला चालेल असं कुणी म्हणालं, तर मान डोलवू नका.

दुसरं पैशाचं. इंजिन विकायचं नाही, उडालेल्या तासाला पैसे घ्यायचे आणि देखभाल आपण करायची, ही पद्धत ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश इंजिन कंपनीने व्हायपर इंजिनासाठी १९६२ मध्ये सुरू केली. तिथे बिघाडाचा खर्च बनवणाऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून मॉडेल खरं असण्यात त्याचाच स्वार्थ. तुमच्याकडे आलेली कंपनी अंदाज चुकला तर काय भरणार? काहीच नाही ना? मग निदान डेटा तुमच्या मालकीचा आणि बाहेर न्यायला तुमची परवानगी, एवढं तरी कागदावर.

---

कोळसाखाऊ | शनिवार, दुपारी ४.३०

सगळ्यांचे आभार. फ्यूजवायर, तुमचंही. जुळ्याचं वाक्य साहेबांना ऐकवलं, हसले.

काका, काल टीएसईचं बघितलं. ऑपरेशनवाल्या मित्राला विचारलं तर आधी इकडेतिकडे बघितलं त्याने. मग म्हणाला, चालू आहे, पण एका चॅनेलचं थर्मोकपल मागच्या ओव्हरहॉलपासून ओपन आहे. डिफेक्ट लिहिलेला आहे, ‘संधी मिळाल्यावर करणे’ या शेऱ्यासह. म्हणजे आमच्या जुन्या ट्विनचा एक डोळा गेलेला आणि आम्ही नव्याची पत्रिका बघतोय.

हिस्टोरियनचंही विचारलं. जाळीवाली ताई, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. तीन महिने झाले की मिनिटाची सरासरी. सेटिंग कुणी केलं ते कुणालाच माहीत नाही, बसवतानाच आलेलं.

साहेबांना हेडरचा एकच प्रश्न, थर्मोकपल, आणि कंपनीची आंधळी परीक्षा असं लिहून देतोय. घटनाही ठरली आहे, दोन वर्षांपूर्वीचं एक रिहीटर लीकेज. आठवलं तरी अंगाला चिकटलेली राख आठवते. दोन रात्री घरी गेलो नव्हतो.

आणि आज सकाळी हेल्परला घेऊन लाइन चालून आलो. अठ्ठेचाळीस मीटरच्या फ्लोअरपासून खाली. मेन स्टीमचे बावीस हँगर. पिन कुठे राहिलेली दिसली नाही, काका, तेवढं बरं. पण सात हँगरच्या स्केल प्लेटवर रंग बसलाय, काटा कुठे आहे ते वाचताच येत नाही. ब्लेडने खरवडून तीन साफ केल्या. त्यातल्या एकाचा काटा गरमच्या खुणेच्याही पलीकडे, पार शेवटाला टेकलेला. फोटो काढलाय, उद्या बाकीच्या चार करतो.

---

बॅरिंगगिअर | शनिवार, संध्याकाळी ६.१५

शेवटाला टेकलेला म्हणजे त्याची धाव संपली. आता तोही जामच, पिनेशिवाय. त्याच्या दोन्ही बाजूंचे हँगर बघा, एकावर जास्त भार आला असेल. रॉडला हात लावून हलवून बघा, ढिला लागतो की ताठ. आणि फोटो काढलात तेव्हा लोड किती होता ते लिहून ठेवा.

---

कोळसाखाऊ | शनिवार, संध्याकाळी ६.४०

लोड १२५ होता. खालचा रॉड ढिला आहे, हाताने वाजतो. वरचा उद्या बघतो, तिथे चढायला स्कॅफोल्डिंग लागेल, परमिट काढायला टाकलंय.